लॉजिक शिकायचंय? आधी "तर" आणि "तरच" मधला फरक पकडा

लॉजिक शिकायला घेतलेली बरीच माणसं पहिल्या आठ-दहा दिवसांतच सोडून देतात, आणि मी जेवढ्यांना विचारलंय त्यांचं कारण साधारण एकच असतं, पुस्तक उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बाण, टोपीसारख्या वेड्यावाकड्या खुणा दिसतात आणि हे गणित आहे, आपल्याला जमणार नाही असं वाटून पुस्तक मिटतं. मला अकरावीला आर्ट्समध्ये तर्कशास्त्र होतं, मराठी माध्यमातून. कोष्टकं पाठ केली, मार्क चांगले पडले, आणि खरं सांगायचं तर विषय समजला तो चार-पाच वर्षांनी, जेव्हा शेजारच्या मुलीला शिकवायला बसलो तेव्हा. तिला चिन्हं दाखवलीच नाहीत. आपण रोज बोलतो त्या मराठीतले आठ छोटे शब्द घेतले, तर, तरच, किंवा, की, पण, सगळे, काही, नाही, आणि ते एकेक करून खोलून बघितले. चिन्हं नंतर आपोआप आली कारण ती याच शब्दांची शॉर्टहँड आहेत. म्हणून इथे मी त्याच क्रमाने सांगतोय.

पहिले दोन दिवस फक्त "तर" वर घालवा. आई म्हणते, "अभ्यास केलास तर पास होशील." यात तिने नेमकं काय कबूल केलं? अभ्यास केला की पास, एवढंच. अभ्यास नाही केला तर काय होईल याबद्दल या वाक्यात एक अक्षर नाही, कॉपी करून पास होईल, नशिबाने होईल, नापास होईल, काहीही होऊ शकतं आणि आईचं वाक्य तरीही खरंच राहतं. आता तीच आई म्हणाली, "अभ्यास केलास तरच पास होशील." एक "च" लागला आणि अख्खं वाक्य उलटं फिरलं. आता ती सांगतेय की अभ्यासावाचून पास होणं शक्य नाही, पण अभ्यास केल्यावर पास होशीलच याची गॅरंटी मात्र गेली. वहीत लिहून बघा. पहिल्या वाक्यात बाण अभ्यासाकडून पासकडे जातो, अभ्यास → पास. दुसऱ्यात पासकडून अभ्यासाकडे, पास → अभ्यास, म्हणजे कोणी पास झालेला दिसला तर त्याने अभ्यास केला होता हे खात्रीने सांगता येतं. बाणाची दिशा कळली की लॉजिकमधली अर्धी भीती जाते असं माझं प्रामाणिक मत आहे.

"शिवाय" हा याच "तरच" चा भाऊ. "तिकिटाशिवाय प्रवेश नाही" ही पाटी म्हणजे तिकीट असेल तरच प्रवेश, म्हणजे बाण प्रवेशाकडून तिकिटाकडे. त्यामुळे नाटकाला उशिरा पोचलेल्या आणि तिकीट हातात असलेल्या माणसाला दारावर थांबवलं तरी पाटी खोटी ठरत नाही, पाटीने तिकीट आवश्यक आहे एवढंच सांगितलं होतं, पुरेसं आहे असं कुठे सांगितलं? आवश्यक आणि पुरेसं हे दोन शब्द पुढे सगळीकडे लागतात, ते इथेच पक्के करून घ्या.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो. बोलताना आपण बऱ्याचदा "तर" म्हणतो आणि मनात "तरच" असतो. "होमवर्क झाला तर टीव्ही" म्हटलं की पोरगं बरोबर समजतं की होमवर्क नाही तर टीव्ही नाही. संदर्भावरून कळतं, म्हणून चालून जातं. पण लॉजिकच्या पुस्तकात "तर" म्हणजे फक्त "तर", त्यात "च" आपल्या मनाने घालायचा नाही. सुरुवातीच्या निम्म्या चुका याच एका जागी होतात.

आता "किंवा". इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे पान-दोन पानं समजवावं लागतं, आपल्याला मराठीने ते काम करून ठेवलंय. "चहा घेणार की कॉफी?" यात दोन्हीपैकी एक. "आधार कार्ड किंवा पॅन कार्ड घेऊन या" यात दोन्ही आणली तरी कोणी परत पाठवत नाही. लॉजिकचा "किंवा" हा दुसरा, म्हणजे निदान एक खरं असलं की झालं, दोन्ही खरी असली तरी उत्तम. "की" वाला वेगळा, त्याचं वेगळं नाव आणि वेगळं कोष्टक आहे. (जिन्यातला दिवा असतो ना, खालच्या बटणानेही लागतो आणि वरच्यानेही विझतो, तो या "की" च्या तत्त्वावरच चालतो, दोन्ही बटणं एकाच दिशेला असली की एक स्थिती, वेगवेगळ्या दिशेला असली की दुसरी. क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन माणसाने १९३७ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं की बटणांची सर्किटं आणि हे आणि-किंवा-नाही चं गणित एकच आहे, आज हातातल्या मोबाइलच्या आत तेच चाललंय.)

"पण" बद्दल लोक अडखळतात. "पाऊस होता पण मॅच झाली." लॉजिकच्या दृष्टीने इथे "पण" म्हणजे सरळ "आणि", पाऊस होता आणि मॅच झाली, दोन्ही खरं. "पण" मध्ये जे आश्चर्य आहे ते बोलणाऱ्याच्या मनातलं, वाक्य खरं की खोटं हे त्यावर ठरत नाही. तरी, असूनसुद्धा, मात्र, हेही सगळे बहुतेक वेळा "आणि" च.

मग "सगळे" आणि "नाही" ची जोडी, आणि इथे थोडं थांबा कारण इथे मराठी स्वतःच निसरडी आहे. "सगळी मुलं आली नाहीत." चाळीसातली अडतीस आली तरी बाई हे वाक्य म्हणतात, आणि वर्गात शुकशुकाट असला तरी कोणी वैतागून हेच म्हणू शकतं. दोन अगदी वेगळे अर्थ. वहीत यायचं तेव्हा हे वाक्य फोडून लिहायचं, एक तर "किमान एक मूल आलं नाही" नाहीतर "एकही मूल आलं नाही". आणि एक नियम लक्षात ठेवा, "सगळे आंबे गोड आहेत" हे खोटं पाडायला सगळे आंबे आंबट असावे लागत नाहीत, पेटीतला एक आंबट निघाला की बस्स. म्हणजे "सगळे" चा नकार "एकही नाही" हा नसतो, "निदान एक तरी नाही" हा असतो. तसंच "काही" म्हणजे लॉजिकमध्ये निदान एक, सगळेसुद्धा चालतील. बोलण्यात "काही मुलं पास झाली" म्हटलं की बाकीची नापास असं आपण धरून चालतो, इथे तसं धरायचं नाही.

सराव कसा करायचा तर एक साधी वही घ्या, रोज वीस मिनिटं, पाच वाक्यं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची, एसटी स्टँडवरची पाटी, पेपरातली हेडलाइन, औषधाच्या पाकिटावरची सूचना, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज. प्रत्येकाखाली तेच वाक्य फक्त आणि, किंवा, नाही, तर एवढेच शब्द वापरून पुन्हा लिहा. आठवडाभर एवढंच. मोबाइलवर नको, हाताने लिहा, कारण लिहिताना वेग कमी होतो आणि कुठे घसरलो ते दिसतं. हा आठवडा गाळून पुढे गेलेले नंतर परत इथेच येतात, हे मी पाहिलंय.

दुसऱ्या आठवड्यात अक्षरं आणि कोष्टकं. विधान म्हणजे जे खरं किंवा खोटं असू शकतं असं वाक्य, "दार लाव" हे विधान नाही, "दार लावलंय" हे आहे. विधानाला एक अक्षर द्यायचं, उदाहरणार्थ "पगार झाला" ला प आणि "मी पार्टी दिली" ला फ. मग मित्र म्हणाला, "पगार झाला तर पार्टी देतो", हे झालं प → फ. याचं सत्यता कोष्टक म्हणजे ट्रुथ टेबल पाठ करू नका, त्याच्याकडे वचन म्हणून बघा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, मित्राने शब्द मोडला का?

पगार झाला, पार्टी दिली: शब्द पाळला, खरं.
पगार झाला, पार्टी नाही दिली: शब्द मोडला, खोटं.
पगार नाही झाला, तरी पार्टी दिली: दिलदार माणूस, शब्द काही मोडला नाही, खरं.
पगार नाही झाला, पार्टीही नाही: त्याला बोलायला जागाच नाही, खरं.

चारातली एकच ओळ खोटी. तिसरी आणि चौथी ओळ खरी कशी हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो आणि पडायलाच हवा, "पगारच झाला नाही मग वाक्य खरं कसलं" असं वाटतं. उत्तर वचनातच आहे, जोवर मोडलं नाही तोवर आपण ते खोटं म्हणत नाही.

ओळी किती ते विधानांवर ठरतं, एक विधान असेल तर २, दोन असली तर ४, तीनला ८, चारला १६. ओळी नेहमी एकाच क्रमाने मांडायची सवय लावा, शेवटच्या अक्षराच्या रकान्यात खरं-खोटं आलटून पालटून, त्याच्या डावीकडच्यात दोन-दोनच्या जोडीने, त्याच्या डावीकडे चार-चार, म्हणजे एकही ओळ सुटत नाही. आणि लांब विधान आलं तर आतल्या कंसापासून बाहेर या, स्वयंपाकात आधी फोडणी मग भाजी तसं, मधला टप्पा गाळला की चूक ठरलेली.

कोष्टक जमलं की लगेच एक गोष्ट स्वतः सिद्ध करून बघा. घर बघताना तुम्ही ठरवलंत की चोवीस तास पाणी आणि लिफ्ट दोन्ही हवं. नकार कधी? पाणी नसलं किंवा लिफ्ट नसली तरी. म्हणजे "(पाणी आणि लिफ्ट) नाही" हे "पाणी नाही किंवा लिफ्ट नाही" याच्या बरोबर. नकार कंसात शिरला की "आणि" चा "किंवा" होतो, आणि "किंवा" चा "आणि". याला डी मॉर्गनचे नियम म्हणतात, ऑगस्टस डी मॉर्गन, हा गणिती १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईला जन्मला, लहानपणीच इंग्लंडला गेला. दोन्ही बाजूंची कोष्टकं काढा, शेवटचे रकाने हुबेहूब जुळतात. ते जुळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की जो आनंद होतो त्यासाठी तरी हे करा.

आता विषयाचा गाभा, युक्तिवाद वैध कधी. इथे एक गोष्ट मनावर कोरून घ्यायची, वैध असणं आणि खरं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. "सगळे मासे झाडावर राहतात, बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो." पहिलं वाक्य धादांत खोटं, निष्कर्ष खोटा, तरी युक्तिवाद वैध, कारण वरची दोन खरी धरली तर खालचं टाळताच येत नाही. आणि हे बघा, "काही शहरं महाराष्ट्रात आहेत, नागपूर हे शहर आहे, म्हणून नागपूर महाराष्ट्रात आहे." तिन्ही वाक्यं खरी, पण युक्तिवाद अवैध! पटत नसेल तर नागपूर काढून तिथे इंदूर घाला. वरची दोन अजून खरी, निष्कर्ष मात्र मध्य प्रदेशात गेला. हीच युक्ती वापरायची, सांगाडा तोच ठेवायचा आणि आतली नावं बदलून असं उदाहरण शोधायचं की आधारविधानं, म्हणजे निष्कर्षाच्या वरची वाक्यं, खरी आणि निष्कर्ष खोटा. एक जरी सापडलं तरी तो सांगाडा बाद. मला विचाराल तर नवशिक्याच्या हातातलं सगळ्यात कामाचं हत्यार हेच, आणि त्याला एकही चिन्ह लागत नाही.

या हत्याराने सगळ्यात आधी जी चूक पकडायची ती म्हणजे उलटा बाण. आपल्याकडे न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, जुनं भारतीय तर्कशास्त्र) हे फार सुंदर मांडलंय. डोंगरावर धूर दिसतोय, जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हे त्यांचं नेहमीचं उदाहरण, आणि ते पाच पायऱ्यांत मांडतात, प्रतिज्ञा (डोंगरावर अग्नी आहे), हेतू (कारण धूर दिसतोय), उदाहरण (जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर), उपनय (डोंगरावरही तसाच धूर आहे), निगमन (म्हणून डोंगरावर अग्नी आहे). आता उलटं करून बघा, डोंगरावर अग्नी आहे म्हणून तिथे धूर असणार. चालेल? नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, याला लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा पुढे केला, त्यात अग्नी आहे पण धूर नाही. आणि धूर केव्हा येतो तर ओलं लाकूड असेल तेव्हा, ही जी मधली अट लपून बसलेली असते तिला त्यांनी उपाधी असं नाव दिलं. आजच्या घरात लोखंडाचा गोळा नको, गॅसची शेगडी पेटवून बघा. इंदूरची युक्ती आणि लोखंडाचा गोळा, काम एकच.

तरीही हा उलटा बाण किती चिवट आहे त्याचा अनुभव घ्या. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक कोडं मांडलं, मी ते आपल्या अक्षरांत देतो. टेबलावर चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय की नाही हे तपासायला कोणती कार्डं उलटायलाच हवीत? इथे थांबून उत्तर लिहा, मग पुढे वाचा.

बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. ४ उलटून काहीच कळत नाही, मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, व्यंजनाबद्दल नियम काही बोललाच नव्हता. उलटायचं ते अ आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला.

आता हेच एसटीत बघा. पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, बाकी सवलती बाजूला ठेवू आणि तपासायचा नियम असा धरू, तिकीट फुकटचं असेल तर वय पंचाहत्तरच्या वर असायला हवं. चार प्रवासी बसलेत, एकाकडे फुकटचं तिकीट आहे पण वय माहीत नाही, एकाकडे पूर्ण तिकीट आहे, एक आजोबा ऐंशी वर्षांचे, एक काका साठ वर्षांचे, या दोघांची तिकिटं अजून बघितलेली नाहीत. सवलतीचा गैरवापर होतोय का हे बघायला कंडक्टर कोणाला विचारेल? फुकटच्या तिकीटवाल्याचं वय आणि साठच्या काकांचं तिकीट. आजोबांकडे तो वळणारही नाही, त्यांनी हौसेने पूर्ण तिकीट काढलं तर काढू देत. कोड्याचा सांगाडा तोच, पण इथे आपण चुकत नाही. म्हणून माझा सल्ला, अमूर्त प्रश्नात अडकलात की त्याला बसमध्ये, दुकानात, रेशनच्या रांगेत नेऊन बसवा, उत्तर काढा, मग चिन्हांकडे परत या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सिद्धता, म्हणजे प्रूफ. पाच विधानं झाली की कोष्टकाला ३२ ओळी लागतात, हाताने कंटाळा येतो, म्हणून नियमांनी पायरी पायरीने जायचं. सुरुवातीला चार नियम खूप झाले. बाण आणि त्याची सुरुवात हातात असेल तर शेवट मिळतो. बाण आहे आणि शेवट खोटा आहे तर सुरुवातही खोटी. दोन बाण एकापुढे एक असतील तर जोडता येतात. "हे किंवा ते" आहे आणि हे नाही तर ते. एक उदाहरण घरातलंच. दिवसभर लाइट गेली असेल तर पंप चालत नाही. पंप चालला नाही तर टाकी भरत नाही. संध्याकाळी आलो तर टाकी भरलेली. पहिले दोन बाण जोडले, लाइट दिवसभर गेली असेल तर टाकी भरत नाही. टाकी तर भरली आहे, म्हणजे शेवट खोटा. म्हणून लाइट दिवसभर गेलेली नव्हती. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या ओळींवरून आणि कोणत्या नियमाने आली ते लिहायचंच, "दिसतंयच की" हे कारण चालत नाही, आणि सिद्धता पुढे सरकेना तर खालून वर या, निष्कर्षाच्या आधीची ओळ काय असायला हवी ते विचारा.

तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादातल्या नेहमीच्या चुकांची, यादी मात्र सगळ्यात शेवटी. नेटवर लॉजिक म्हणून बहुतेक त्याच याद्या फिरतात, व्यक्तीवर हल्ला, घसरगुंडी, अमुक तमुक, आणि पहिल्याच आठवड्यात त्या वाचून लोक समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला दोषाचं नाव चिकटवत सुटतात. मला हे मनापासून वाईट वाटतं, कारण नाव चिकटवलं म्हणजे निष्कर्ष खोटा सिद्ध होत नाही, चुकीच्या वाटेनेही माणूस बरोबर गावी पोचू शकतो. सुरुवातीचे दोन महिने हे हत्यार फक्त स्वतःच्या मतांवर चालवा. आपलं एखादं पक्कं मत घ्या, त्याची आधारविधानं लिहून काढा, आणि इंदूर शोधा.

पुस्तकांचं म्हणाल तर खर्च करायची गरज नाही. बालभारतीच्या वेबसाइटवर अकरावी-बारावीचं तर्कशास्त्राचं पुस्तक मराठीतून पीडीएफमध्ये फुकट मिळतं, आणि बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा आहे, कॉमर्सला पण आणि सायन्सला पण, सायन्सच्या पुस्तकात तर बटणांची सर्किटंही आहेत. आर्ट्सवाल्यांनी गणिताचा तो एक धडा जरूर वाचावा आणि सायन्सवाल्यांनी तर्कशास्त्राचं पुस्तक, दोघांकडे दुसऱ्याला हवं ते आहे. एमपीएससीसाठी शिकत असाल तर सीसॅटचे विधान-निष्कर्षवाले प्रश्न याच पायावर उभे आहेत, पण ट्रिकचे व्हिडिओ बघायच्या आधी हा महिना द्या. कोणी सोबत असेल तर फारच चांगलं, एकमेकांची वही तपासायची, आपली चूक आपल्याला दिसत नाही ती दुसऱ्याला पटकन दिसते.

वहीचं पहिलं पान सुरू करायला तीन वाक्यं देतो. "पूर्वपरवानगीशिवाय पाहुण्यांच्या गाड्या आत घेतल्या जाणार नाहीत." "सगळे डबे लेडीज नसतात." "दुकान सोमवारी किंवा सणाच्या दिवशी बंद राहील." पहिल्यात बाण कुठून कुठे जातो ते काढा, दुसऱ्याचा अर्थ "सगळे" न वापरता लिहा, आणि तिसऱ्यात सण सोमवारीच आला तर दुकानाचं काय, आणि मंगळवारी बंद दिसलं तर पाटी खोटी ठरते की नाही, ते कारणासकट मांडा.